जुना लाइव्ह रॉक आणलाय? टाकीत टाकायच्या आधी एवढं करा

कुणीतरी बदली होऊन चाललंय, टाकी मोडतंय, आणि "दहा-बारा किलो रॉक आहे, नेतोस का" असा मेसेज आला की आपण लगेच गाडी काढतो. साहजिक आहे, खाऱ्या पाण्याच्या टाकीचं सामान आपल्याकडे रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याला धड मिळत नाही, सगळं कुरिअरने मागवायचं, आणि दगडाचं कुरिअर म्हणजे दगडापेक्षा भाडंच जास्त. त्यामुळे जुना लाइव्ह रॉक, म्हणजे पाणी साफ ठेवणारे बॅक्टेरिया भोकाभोकांत रुजलेला दगड, जरूर घ्या, माझी अजिबात ना नाही. फक्त एक लक्षात ठेवा, आधीच्या टाकीत जे जे झालं ते सगळं त्या दगडाच्या भोकाभोकांत बसलेलं असतं. औषधं, फॉस्फेट (शेवाळाचं खत), किडे, शेवाळ. तो तसाच उचलून नव्या टाकीत ठेवला तर पुढचं वर्षभर निस्तरत बसायची वेळ येते.

आधी दगड कशाचा आहे ते बघा. हे कंटाळवाणं वाटेल पण सगळ्यात महत्त्वाचं हेच. खडकाळ प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना, आणि त्यात मेलेला सांगाडा, तुटका तुकडा सगळं येतं. शिक्षा ३ ते ७ वर्षं. तेव्हा स्नॉर्केलिंगला गेलो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूने एक छोटासा पीस आणला, असलं काही डोक्यातही आणू नका, मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि तिथलं प्रवाळ आधीच जेमतेम तग धरून आहे. दृष्ट लागू नये म्हणून लोक घरात जे इंद्रजाल लावतात ना, तेही समुद्रपंखा नाहीतर काळं प्रवाळच असतं, तेही याच यादीत. जुन्या रॉकवर चांदणीच्या आकाराचे बारीक खळगे एकसारखे, नक्षी काढल्यागत दिसले तर तो प्रवाळाचा सांगाडा समजा आणि हात जोडून परत या.

मग घ्यायचं काय, तर सिरॅमिकचा किंवा सिमेंटमध्ये अॅरागोनाइटचा (एक प्रकारच्या चुनखडीचा) चुरा घालून केलेला रॉक, जो कुणाच्या तरी चालू टाकीत वर्ष-दोन वर्षं राहिलाय. बॅक्टेरियाला दगड कुठून आला याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्याला राहायला बारीक भोकं पाहिजेत आणि वाहतं पाणी पाहिजे. माशांच्या घाणीतला अमोनिया तो नायट्राइट करतो, दुसरा बॅक्टेरिया त्याचा नायट्रेट करतो, दगडाच्या आत खोलवर जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे थोडंफार नायट्रेटही जिरतं. झाला तो लाइव्ह रॉक. आता कोकणातला माणूस म्हणणार की मग आपल्या जांभ्याला काय झालंय, भोकंच भोकं आहेत. नको. जांभ्यात लोह भरपूर, वर तो पाण्यात सुटत राहतो, टाकी गढूळ. जांभा घराच्या भिंतीलाच बरा.

घ्यायला गेलात की मालकाला दोन-तीन गोष्टी सरळ विचारा. टाकीत कधी कॉपरचं औषध घातलं होतं का, हे सगळ्यात आधी. माशांवर पांढरे ठिपके आले की बरेच जण घाबरून मेन टाकीतच कॉपर ओततात, आणि चुन्याचा दगड ते कॉपर शोषून घेतो आणि नंतर हळूहळू सोडत बसतो. माशांना ते एकवेळ चालून जाईल पण कोळंबी, गोगलगाय, खेकडा, कोरल यातलं काही त्या टाकीत टिकणार नाही, आणि ब्लीच-अॅसिड काहीही केलं तरी ते पूर्ण निघालं याची खात्री देता येत नाही. कॉपर वापरलंय म्हणाला तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. मग विचारा, रॉक आत्ता पाण्यात आहे की माळ्यावर वाळून पडलाय, आणि टाकी चांगली चालू असताना मोडली की सगळं मेल्यावर मोडली. उत्तर द्यायला तो अडखळला तर काय ते समजून जा.

आणि वास घ्या. चालू टाकीतला चांगला रॉक बाहेर काढल्यावर ओहोटीच्या वेळी खडकांचा येतो तसा वास येतो, आपल्याला तो वास वेगळा सांगायला नको. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आत मेलेलं बरंच काही आहे.

घरी आणताना गोड्या पाण्यात बुडवू नका. मासळी मार्केटमध्ये थर्माकोलचे खोके मिळतात, ते साबण न लावता स्वच्छ धुवून घ्या, त्याच टाकीच्या पाण्यात वर्तमानपत्र भिजवून दगडाला गुंडाळा, झाकण लावा. दोन-चार तासांच्या प्रवासाला एवढं पुरतं. मे महिन्यात दुपारी नका निघू, खोका तापला की आतलं सगळं मरतं.

आता मुख्य निर्णय. रॉक जिवंत ठेवायचा की सगळं मारून कोरा करायचा? माझं मत स्पष्ट आहे, टाकी तुम्ही स्वतः बघितलेली असेल, चांगली चाललेली असेल, दगडावर उपद्रवी काही दिसत नसेल तरच जिवंत ठेवायच्या भानगडीत पडा. बाकी सगळ्या केसमध्ये मारून कोरा करा. महिना-दीड महिना जास्त जातो, पण झोप नीट लागते.

दोन्हीच्या आधी एक धोका सांगतो, तो हलक्यात घेऊ नका. रॉक उकळायचा नाही. ओव्हनमध्ये, चुलीवर, गॅसवर, कशावरच नाही. दगडावर बटणासारखे पॉलिप (प्रवाळाच्या नात्यातले छोटे जीव) असतात, झोअँथिड आणि पॅलिथोआ, त्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते जगातल्या सगळ्यात जहाल नैसर्गिक विषांपैकी आहे. उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर ते हवेत येतं आणि परदेशात अशी अख्खी कुटुंबं दवाखान्यात भरती झालेली आहेत. प्रेशर पंपाने फवारा मारून धुणं आणि कोरडा दगड ब्रशने खसाखसा घासणं, यातही तोच धोका. शिवाय आत अडकलेलं पाणी तापून दगड फुटतो ते वेगळंच. काम करताना तोंडात धातूसारखी चव आली, थंडी वाजून ताप आला, खोकला, अंग दुखणं, श्वास लागणं असं काही झालं तर सरळ डॉक्टरकडे जा आणि पॅलिटॉक्सिन हे नाव सांगा, कारण आपण होऊन त्यांच्या ते डोक्यात येणार नाही.

हातात रबरी ग्लोव्ह्ज, लांब बाह्यांचे, आणि डोळ्याला गॉगल. हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला सांगा. कालवं काढायला जाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, खडकावर हात कापला तर जखम कशी चिघळते ते, खाऱ्या पाण्यातले जंतू साधे नसतात. ब्रिसलवर्म नावाचा केसाळ किडा दगडात हमखास असतो, त्याचे केस बोटात घुसले तर चिकटपट्टी लावून ओढून काढायचे, चोळायचं नाही.

जिवंत ठेवायचा असेल तर आधी पाणी तयार पाहिजे. आरओचं पाणी आणि मरीन सॉल्ट, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या साधनावर) १.०२५. शिरोड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ इथे चालत नाही, मीठ पिकवताना कॅल्शियम-मॅग्नेशियमचा बराचसा भाग मागेच राहतो. समुद्राचं पाणी आणायचं म्हणाल तर दिवाळीनंतर ते मे पर्यंत, भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखापासून आणि जेटीपासून लांब, तेही गाळून आणि काही दिवस अंधारात झाकून ठेवून. पावसात विचारच करू नका, नद्यांचं लाल पाणी उतरतं, खारेपणा कुठल्या कुठे जातो.

एका बादलीत हे पाणी घ्या आणि दगड त्यात धरून जोरात हलवा. इतका गाळ निघेल की तुम्हीच चकित व्हाल. पाणी बदलून परत. पांढरट बुळबुळीत काही चिकटलेलं असेल तर तो मेलेला स्पंज, तो नखाने किंवा जुन्या टूथब्रशने काढून टाका, पण पाण्याच्या आतच. मग दगड घमेल्यावर आडव्या काठीवर उभा टेकवून ठेवा आणि बघत बसा. भोकांतून पाणी ठिबकायला लागतं, तसं आत लपलेलं एकेक खाली सरकतं, आधी बारीक ठिपक्याएवढे किडे, मग एखादा खेकडा पायाची टोकं बाहेर काढून चाचपतो, परत आत जातो, आणि शेवटी पाणी संपलं की धपकन घमेल्यात पडतो. जास्त चिवट असतील तर जरा खारट पाण्यात, म्हणजे १.०३५ च्या आसपास, मिनिटभर बुडवून काढा, बरेच जण बाहेर पळतात. टक टक असा आवाज येत असेल तर आत मँटिस श्रिंप, म्हणजे जोरात ठोसा मारणारा कोळंबीसारखा प्राणी, असू शकतो. त्या भोकात बोट घालू नका, अंगठा फुटेल.

एप्टेशिया, म्हणजे दगडावर झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल, मात्र ओळखायला शिका. तपकिरी, अर्धवट पारदर्शक, वर लांब बारीक शेपट्यांचा झुबका, हात जवळ नेला की सुर्रकन आत. हा दिसला की पहिली इच्छा होते खरवडून टाकायची, आणि तेच करायचं नाही, कारण जेवढे तुकडे पडतील तेवढे नवे उगवतात. पानाबरोबर खातात तो साधा चुना, वास-रंग काही न घातलेला, पाण्यात दाट कालवून इंजेक्शनच्या सिरिंजने त्याच्या तोंडावरच सोडा. पाणी हलत नसताना करायचं, आणि एका वेळी दोन-चारच, कारण चुन्याने पीएच चढतो. हिरव्या काचेच्या मण्यांसारखं बबल शेवाळ असेल तर ते पाण्याबाहेर काढून, न फोडता, अख्खं उपटायचं. एप्टेशियाची वसाहतच असेल तर जिवंत ठेवायचा हट्ट सोडा आणि खालच्या ब्लीचच्या भागाकडे या.

हे झालं की टब. घराच्या पडवीत सावलीत एखादा मोठा प्लास्टिकचा टब किंवा पिंप, आत खारं पाणी, दगड, आणि एक दणकट वेव्हमेकर (पाणी घुसळणारा पंप). वर गोणपाट टाकून अंधार करा, उजेड नसला की शेवाळ आपोआप मरतं. तापमान २५ ते २७ चांगलं, हीटरची आपल्याकडे गरजच पडत नाही, उलट एप्रिल-मेमध्ये पाणी तिशीच्या वर जातं आणि आपल्या दमट हवेत पंखा लावूनही म्हणावं तसं गार होत नाही, तेव्हा बर्फाच्या बंद बाटल्या सोडायच्या. अमोनिया टेस्ट एक दिवसाआड. १ पीपीएमच्या (लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या) वर गेला की निम्मं पाणी बदला, नाही गेला तरी आठवड्याला एकदा बदला आणि तळाचा गाळ पाइपने ओढून घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, तेही सलग आठवडाभर, आणि वास फक्त समुद्राचा, तोपर्यंत थांबायचं. कधी दोन आठवड्यात होतं, कधी दोन महिने लागतात.

आणि लाईट. पावसाळ्यात लाईट जाणारच, वेव्हमेकर बंद पडला की गरम पाण्यात ऑक्सिजन भराभर संपतो आणि जे वाचवायला एवढा खटाटोप केला तेच एका रात्रीत मरतं. इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर गळवाले जिवंत आमिष ठेवायला वापरतात तो बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा. महाग नाही.

आता दुसरा मार्ग, सगळं मारून कोरा दगड. याचं टायमिंग म्हणजे मिरगाच्या आधी, कारण शेवटी दगड खडखडीत वाळवायचाय आणि जूनमध्ये आपल्याकडे टॉवेल वाळत नाही तिथे दगड काय वाळणार. मार्च-एप्रिलात सुरू करा.

उघड्यावर, मुलं आणि कुत्री-मांजरं येणार नाहीत अशा जागी, प्लास्टिकच्या टबात साधं लिक्विड ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, सुगंधी नको, फेसवालं नको. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर कामाला येते पण चुन्याचा रेंदा मागे राहतो, म्हणून लिक्विडच बरं. दगड आधी घासत बसू नका, सरळ ब्लीचमध्ये सोडा, म्हणजे विष असेल तर तेही निकामी होतं, घासायचं ते नंतर. रोज एकदा काठीने हलवा. दुसऱ्या दिवशी ब्लीचचा वास गेलेला असेल तर आतली घाण त्याला खाऊन बसलीय, परत ब्लीच घाला. साधारण तीन-चार दिवसांनी काढून कडक ब्रशने ओला असतानाच घासा आणि भरपूर पाण्यात खळबळून घ्या.

ब्लीच निघालं का हे नाकावर सोडू नका. साध्या पाण्यात हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, माशांच्या दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळतं ते, टाकून एक दिवस बुडवा, मग नवीन पाण्यात एक दिवस नुसतं ठेवा आणि त्या पाण्याची ओटी टेस्ट करा. गावातला जलसुरक्षक नळाच्या पाण्याला करतो तीच. पिवळं झालं तर क्लोरीन अजून आहे, परत हायपो. पिवळं नाही झालं की खळ्यात पत्र्यावर मांडून आठवडाभर कडक उन्हात, अधूनमधून उलटवत.

व्हिडिओंमध्ये पुढे अॅसिड दाखवतात. माझा सल्ला, करू नका. सिमेंटचा रॉक अॅसिडने खाल्ला जातो, सिरॅमिकला त्याची गरज नाही. तरी कुणी करणारच असेल तर अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमध्ये कधीच नाही, आणि ब्लीचचा अंशही दगडात असताना अॅसिडच्या जवळ न्यायचा नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, तो जीवघेणा असतो.

वाळलेला दगड कोरा दिसतो, पण फॉस्फेट आत तसाच असतो. म्हणून तो एकदा खाऱ्या पाण्यात वेव्हमेकर लावून आठवडाभर ठेवा आणि मग फॉस्फेट टेस्ट करा. ०.१ पीपीएमच्या खाली असेल तर उत्तम. जास्त असेल तर पाणी बदलून परत आठवडा, किंवा स्विमिंग पूलला वापरतात ते लँथनम क्लोराइड थेंब थेंब सोडा, पाणी दुधासारखं होतं, गाळ बसला की ओढून काढा. हे टबातच, मासे असलेल्या टाकीत अजिबात नाही. हा टप्पा बहुतेक लोक गाळतात आणि मग तिसऱ्या महिन्यात केसाळ शेवाळाने टाकी भरली की दुकानदाराच्या नावाने खडे फोडतात.

टाकीत रचताना खालचे दगड थेट काचेच्या तळावर, किंवा मध्ये प्लास्टिकची जाळी, वाळू नंतर. वाळूवर दगड ठेवला आणि एखाद्या गोबी माशाने खालून उकरलं की सगळा डोंगर पुढच्या काचेवर. मागच्या काचेपासून हात जाईल एवढी जागा सोडा. किती घ्यायचा, तर जुना हिशोब १०० लिटरला दहा-बारा किलो असा आहे, पण दगड सच्छिद्र आणि हलका असेल तर त्याच्या निम्म्यातही भागतं.

जिवंत ठेवलेला रॉक असेल तर सायकल, म्हणजे अमोनिया जिरवणारे बॅक्टेरिया रुजणं, जवळपास झालेलीच असते. कोऱ्या दगडाला पहिल्यापासून सुरुवात. १०० लिटरला ०.६ ग्रॅम अमोनियम क्लोराइड टाकलं की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा वापरू नका, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही, लॅबच्या दुकानातून शुद्ध आणा. बाटलीतला बॅक्टेरिया घाला किंवा ओळखीच्याच्या चांगल्या टाकीतला मूठभर चुरा जाळीच्या पिशवीत टांगा. कोळंबीचा तुकडा टाकून कुजवायची जुनी पद्धतही चालते, पण घरातली मंडळी वासाने तुम्हाला बाहेर काढतील. टाकलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आणि नायट्राइटही शून्यावर, असं झालं की मोठं पाणी बदलून नायट्रेट खाली आणा. आधी दोन-चार गोगलगायी, दोन आठवड्यांनी पहिला मासा, एकच.

राहिलं टबातलं जुनं पाणी. ते समुद्रात, खाडीत, व्हाळात ओतायचं नाही, त्यातले किडे आणि शेवाळाचे बी कुठून आलेत आपल्याला माहीत नसतं. आधी त्यात ब्लीच टाकून एक दिवस ठेवा आणि मग शोषखड्ड्यात नाही तर गटारात सोडा, विहिरीपासून आणि कलमांपासून लांब. माडाच्या बुंध्यात आपण मीठ घालतो म्हणून हे पाणी माडाला घालू नका, त्यात ब्लीच आहे.